एक टिकली, ओके

माझ्या हातून एकतीस वर्षांत किती कापड गेलं ते विचारू नका. दोष विचारा, सांगतो. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका रंगाई-छपाईच्या मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात, मी चेकर होतो. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट. वरून कापड सरकत जातं आणि आपण उभं राहून नुसतं बघायचं. तेलाचा डाग, तुटलेला धागा, छपाईत घसरलेलं फूल. दोष दिसला की त्या जागी किनारीला एक लाल टिकली चिकटवायची. कापडाच्या अख्ख्या ठाणाला आम्ही ताका म्हणतो. बिनटिकलीचा ताका म्हणजे फ्रेश माल. एखाददुसरी टिकली शेठ चालवून घेतो. तीन झाल्या की माल सेकंडमध्ये, आणि पाच दिसल्या की सरळ चिंधीच्या ढिगात. शेवटी ताक्याच्या कोपऱ्यावर पेनानं 'ओके' लिहायचं आणि पुढचा ओढायचा.

'छान' हा शब्द त्या खात्यात मी एकदाही ऐकला नाही. दोष नाही म्हणजेच छान. त्यात आणखी बोलायचं काय असतं?

आता माणूस मिलमधून निवृत्त होतो, डोळे काही निवृत्त होत नाहीत. बायकोची, म्हणजे आमच्या सुंदराची, भाजी पानात पडली की मी आधी त्यात कोथिंबिरीची काडी शोधतो. ती वैतागून म्हणते, "भाजीलेबी टिकली लाई द्या आते." आणि धनश्री, आमची एकुलती एक लेक, शाळेत असताना कॉलनीच्या रांगोळीत पहिली आली होती. सगळ्या बायका तोंड भरून कौतुक करत होत्या. मी गेलो, पूर्ण रांगोळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली आणि मोराच्या पायाचं मागचं बोट राहिलंय ते दाखवून आलो. त्यानंतर तिनं रांगोळी काढणं सोडलं नाही. मला बघायला बोलावणं मात्र सोडलं.

तर हीच धनश्री बीसीए झाली, आणि रिंग रोडच्या मार्केटात एका शेठच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसू लागली. दोन वर्षं बसली. मग दिवाळी झाली आणि एक दिवस म्हणाली, "पप्पा, मी नोकरी सोडतेय. अ‍ॅप बनवतेय."

अ‍ॅप कसलं, तर खानावळींचं. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सुंदरा खानावळ चालवते. धुळे, नंदुरबार, जळगावकडची बावीस माणसं जेवायला असतात. पांडेसऱ्यापासून सचिन गावापर्यंत अशा आपल्या बायकांच्या खानावळी पुष्कळ. पण बारा तासांची शिफ्ट संपवून माणूस निघतो तेव्हा त्याला ठाऊक नसतं की आज शेवभाजी कोणाकडे आहे, कळण्याची भाकरी कोणाकडे उरली आहे. एकीकडे माणसं उपाशी परत जातात, दुसरीकडे भाकऱ्या वाळून जातात. धनश्रीनं हे लहानपणापासून बघितलेलं. तिच्या अ‍ॅपचं नाव 'ताट'. बाईनं सकाळी फोनमध्ये नुसतं बोलायचं, "आज भरीत, भाकरी, ठेचा," की ते सगळ्यांना दिसतं. किती ताटं शिल्लक आहेत तेही दिसतं. अकरा जणींनी नावं दिली.

मार्केटचा शेठ भला माणूस. म्हणाला, "बेटा, तीन महिने तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. एक फेब्रुवारीला आलीस तर आलीस, नाही तर दुसरी मुलगी बघीन." म्हणजे मुदत ठरली. तोपर्यंत 'ताट' उभं राहिलं तर राहिलं, नाही तर पुन्हा मार्केटची वाट.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. गच्चीवर पोरं मांजा ताणत होती, सगळीकडे ओरडा होता, आणि ही माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. "पप्पा, माझं अ‍ॅप तुमच्या फोनमध्ये टाकलंय. नीट तपासा. कापड तपासता तसं. मग खाली तारे द्या आणि दोन शब्द लिहा. लोक अ‍ॅप उघडून बघत नाहीत, आधी दुसऱ्यांनी दिलेले तारे बघतात. त्यावरच ठरवतात घ्यायचं की नाही. पण माझी मुलगी म्हणून देऊ नका. खरं द्या."

माझ्या नोकरीत शेठनंसुद्धा मला कधी 'नीट तपासा' म्हटलं नव्हतं, कारण मी दुसऱ्या कुठल्या रीतीनं तपासतच नाही. पण लेकीनं स्वतःहून माल माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. रांगोळीनंतर पहिल्यांदा. मला आतून फार बरं वाटलं. तोंडानं मी एवढंच म्हणालो, "दखस."

आणि बघितलं. चार दिवस बघितलं. प्रत्येक बटण डावीकडून उजवीकडे दाबलं, मग उजवीकडून डावीकडे. घरात बसून कापड कळत नाही, म्हणून अकराच्या अकरा खानावळी पायी आणि रिक्षानं फिरलो. फोनमध्ये वांग्याची भाजी लिहिली असेल तर पातेल्यात वांगंच आहे का? सचिनला वत्सलाबाईंच्या खानावळीत आठ ताटं शिल्लक दाखवत होतं. मी दारात उभा राहून ताटं मोजू लागलो, तर बाई पदर खोचून बाहेर आल्या.

"कोन तुमी? आरोग्य खात्याचे का?"

"नई, बाई. चेकर शे."

"कशाचे चेकर?"

मी ताटं मोजून संपवली. आठच होती.

पाचव्या दिवशी सकाळी मी खाटेवर बसलो आणि मान्य केलं की दोष नाही. एकसुद्धा नाही. एकतीस वर्षांत असे ताके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले असतील. आमच्या पोरीचा माल फ्रेश होता. छाती अशी भरून आली की मी उगाच खोकलो.

मग ते तारे उघडले. ओळीत पाच, सगळे पोकळ. बोट लावलं की एकेक भरतो. हे मला लगेच कळलं, यात काय न कळण्यासारखं आहे? दोष असेल तेवढ्या टिकल्या लावायच्या. माझ्या हिशेबानं एकही लावायची नव्हती. मी सगळे पोकळ ठेवले, खाली 'ओके' लिहिलं आणि पाठवायचं बटण दाबलं. बटण हलेना. पुन्हा दाबलं. मग ध्यानात आलं की एक तरी टिकली लावल्याशिवाय हा ताका पुढं सरकणारच नाही. असतो एखाद्या खात्याचा नियम. नाइलाजानं एक लावली. सगळ्यात कमी. पाठवलं.

धनश्रीला सांगितलं नाही. लिहिलं होतं की.

सकाळच्या चहाला आम्ही जुने चेकर हाउसिंगच्या नाक्यावर जमतो. तिथं मात्र माझ्या पोटात राहिलं नाही. धुडकूभाऊ म्हणजे माझ्या डाव्या टेबलावरचा माणूस, अमळनेरकडचा. भिवादादा उजव्या टेबलावरचे, भुसावळचे, आमच्यात सगळ्यात शहाणे. दोघांना मी फोन दाखवला.

धुडकूभाऊ म्हणाला, "तू बाप शेस. तुना डोळास्ना भरोसा नई. मी दखस."

दोघांनी दोन दिवस तपासलं. धुडकूभाऊनं तर एका खानावळीत भाकरी उलटी करून बघितली. शेवटी दोघांनीही एकेकच टिकली लावली आणि 'ओके' लिहिलं. धुडकूभाऊ एकच टिकली लावतो म्हणजे काय, हे आमच्या खात्यातल्या माणसाला विचारा. शेठच्या मुलाच्या लग्नाच्या शालूलाही त्यानं तीन लावल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धनश्रीचं तोंड उतरलेलं. पोहे तसेच पडून होते.

"कोणीतरी मुद्दाम वाईट मत देतंय, पप्पा. तीन जण."

माझं डोकंच फिरलं. "कोन?"

"नावं खोटी आहेत. 'गोगा मोबाइल' आणि पुढं नंबर. तिघांची तशीच. आणि तिघांनी एकच शब्द लिहिलाय, चिडवल्यासारखा."

गोगा मोबाइल म्हणजे नाक्यावरचं बन्सीलालचं दुकान. आम्हा सगळ्यांचे फोन तिथलेच. मी चप्पल घालून निघालोच होतो, पण धनश्रीनं अडवलं. पुरावा नाही, दुकानाचं नाव कोणीही लावेल, उगाच भांडण नको. म्हणाली, "अशा वेळी एकच उपाय असतो. चांगली मतं इतकी पडायला हवीत की वाईट त्यात बुडून जातील."

एवढंच ना? माझ्याकडे फौज होती.

पुढच्या चार दिवसांत मी फोल्डिंग खात्याचे चौदा निवृत्त चेकर गोळा केले. कोणी उधन्याला, कोणी डिंडोलीला, एक तर चलथाणला लेकाकडे राहायला गेलेला. प्रत्येकाला मी एकच सांगितलं: ओळखीखातर करू नका, नीट तपासा, दोष असेल तर दोष लिहा. चौदा माणसांनी चौदा तऱ्हेनं तपासलं. एकालाही दोष सापडला नाही. चौदाही जणांनी सगळ्यात कमी, म्हणजे एकेक टिकली लावली आणि 'ओके' लिहिलं. चलथाणच्या माणसाचा तर मला फोन आला. "भाईदासभाऊ, पोर हुशार शे." 

आता मी वाट बघू लागलो की घरात कधी हसू येतं.

त्याऐवजी हेमराज आला. हेमराज आमच्या खानावळीत जेवतो, रंगाईत काम करतो, शिरपूरचा. हात धुता धुता म्हणाला, "मावशी, धनश्रीताईंच्या अ‍ॅपचं मी आमच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. नऊ जणांपैकी एकानंही घेतलं नाही. तारे बघून हसले. म्हणाले, एवढं भंगार असेल तर फोनमध्ये जागा कशाला अडवायची?"

आतल्या खोलीत धनश्री ऐकत होती. बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. उत्तरायणाला दिवसाला तीस-चाळीस माणसं अ‍ॅप घेत होती. आता दिवसाला दोन. वाईट मतं तीनाची सतरा झाली होती, आणि पाचपैकी पाच तारे होते ते दोन पूर्णांक सातावर आले होते. हे आकडे तिनं सांगितले, पण मला त्यांचा अर्थ लागला नाही. मला एवढंच दिसलं की तिचा आवाज कोरडा झालाय. सचिनच्या वत्सलाबाईंनीही फोन करून सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत बघते, मग नाव काढते. रोज सकाळी फोनशी बोलायचं आणि माणूस एक येत नाही, तर बोलायचं कशाला?

अठ्ठावीस जानेवारीला दुपारी सुंदरा माझ्यापाशी येऊन बसली. तिच्या हातात पोळपाट तसाच होता.

"पोरनी बॅग काढी."

"कसानी बॅग?"

"मार्केटनी. ऑफिसले लई जाये ती. झटकीसन खुंटीले टांगी ठेवी. एक तारीखले जास म्हने." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "आते तरी काही करा. नुसता दोष दखत बसू नका."

मी उठलो. खुंटीवरच्या बॅगेकडे बघितलं. मग धनश्रीला हाक मारली आणि म्हणालो, "चाल. बन्सीलालकडे."

या वेळी तिनं अडवलं नाही. बहुतेक तिलाही कोणाशी तरी भांडायचंच होतं.

बन्सीलालचं दुकान म्हणजे एका माणसाला वळायला जागा नाही, पण समोर गिऱ्हाईक नेहमी चार. मी पायरीवरूनच सुरुवात केली. काय काय बोललो ते आता आठवत नाही, आठवलं तरी लिहिण्यासारखं नाही. सार इतकंच की तुझ्या दुकानाच्या नावानं कोणी सतरा हरामखोर माझ्या पोरीच्या पोटावर पाय देताहेत, आणि तू गप्प बसलायस. गिऱ्हाइकं बाजूला सरकून उभी राहिली. कोणी गेलं मात्र नाही.

बन्सीलाल शांत माणूस. मारवाडी, पण जन्म सुरतेतला. त्यानं चष्मा पुसला. म्हणाला, "काका, बेसो. पहेला सांभळो." म्हणजे बसा, आधी ऐका. मग धनश्रीकडे वळून समजावू लागला. "बेटा, हे जुने काका लोक फोन घेतात ना, त्यांना मेल लागतो. मेलला नाव लागतं. काका म्हणतात, तूच टाक काहीतरी. मग मी दुकानाचं नाव टाकतो आणि पुढं नंबर. जाहिरात पण होऊन जाते. कोणता नंबर कोणाचा ते मी वहीत लिहून ठेवतो, कारण पासवर्ड विसरले की माझ्याच डोक्यावर येतात."

"मग सांगा," धनश्री म्हणाली. तिनं आपला फोन उघडला. "बारा कोण?"

बन्सीलालनं वही काढली, बोट फिरवलं. "बार... भिवाकाका."

धनश्रीनं माझ्याकडे बघितलं. मी बन्सीलालकडे बघितलं. भिवादादा? बुद्धविहारात कधी कोणाच्या चपलेवर पाय न ठेवणारा माणूस?

"सदतीस?"

"धुडकूकाका."

"आणि एकेचाळीस? सगळ्यात पहिलं वाईट मत त्याचंच आहे."

बन्सीलालचं बोट वहीत थांबलं. त्यानं एकदा वहीत बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "एकतालीस तो तमे ज छो, काका."

गिऱ्हाइकांनी चारही माना माझ्याकडे वळवल्या.

"पप्पा," धनश्री म्हणाली, "तुम्ही एक तारा दिला?"

"हा. मंग कितला देऊ?"

"पप्पा, एक म्हणजे सगळ्यात भंगार! पाच म्हणजे सगळ्यात चांगलं!"

मला खरंच वाटलं की ती माझी थट्टा करतेय. पाच? पाच टिकल्यांचा माल चांगला? मी बन्सीलालकडे बघितलं, त्यानं मान हलवली. मी गिऱ्हाइकांकडे बघितलं, चारही जणांनी मान हलवली. मग माझ्या डोक्यात एकेक करून सगळे दिसू लागले: उधन्याचे, डिंडोलीचे, चलथाणचा तो, सगळे चष्मे लावून, काळजीनं एकेक टिकली लावणारे. मी स्वतः घरोघर जाऊन आणलेले. माझ्या लेकीच्या ताक्याला मी माझ्याच हातानं चिंधीच्या ढिगात ढकललं होतं. स्वतःची एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"किनारले टिकली दोषले लावतस," मी म्हणालो. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "चार दिन दखं. अकरा खानावळी दख्यात. एकबी दोष सापडना नई. माले काहीच लावानी नव्हती. पन ते बटन चालेना. म्हनून एक लाई."

धनश्रीनं बन्सीलालचं स्टूल ओढलं आणि बसली.

"एकही दोष नव्हता?"

"नव्हता."

"तुम्हाला? तुम्हाला सापडला नाही?"

"धुडकूलेबी सापडना नई."

ती हसायला लागली. धुडकूकाका म्हटल्यावर तर फारच. हसता हसता ओढणीनं डोळे पुसू लागली, आणि मग मला कळेना की ही हसतेय की रडतेय. बन्सीलालनं तिच्यापुढं पाण्याचा ग्लास धरला.

"मग मला सांगितलं का नाही, पप्पा?"

"लिखं ना. ओके."

"ओके!" ती म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर सभा भरली. बन्सीलाल दुकान उशिरा उघडून मुद्दाम आला, वही घेऊन. धनश्री मधोमध उभी राहिली आणि मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. सगळी माणसं डोकी खाली घालून फोनकडे बघू लागली. मग बदलायला सुरुवात झाली, आणि तुम्हाला सांगतो, ते कामही सोपं गेलं नाही. एकतीस-बत्तीस वर्षं ज्या हातांनी पाच टिकल्यांचा माल फेकला, त्यांना एकाएकी पाच लावा म्हटलं तर हात कसे चालतील? एक जण तिसऱ्यापाशीच अडला. दुसरा डोळे मिटून बोट लावत होता. चलथाणच्या माणसाला फोनवरून समजावताना धनश्रीचा घसा बसला.

धुडकूभाऊ तर उठून उभाच राहिला. "पाच टिकल्यासना माल मी जलममा पास करेल नई. आतेबी करावू नई."

भिवादादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धुडकू, जगाचं खातं आपल्या खात्याच्या उलटं आहे. तिथं टिकली शोभेला लावतात. लाव बाबा, पोरगी आहे."

धुडकूभाऊ खाली बसला. बराच वेळ बोट हवेत ठेवलं. शेवटी चार लावल्या आणि फोन खिशात टाकला. "पाचवीले हात जात नई," तो म्हणाला. "पन चारबी मी कोनले देयेल नईत." त्याला कोणी आग्रह केला नाही.

सगळ्यात शेवटी मी. बोट पुढं केलं, दुसऱ्या ताऱ्यापाशी नेलं, आणि धनश्रीनं माझं मनगट धरलं.

"तुमचा एक तसाच राहू द्या, पप्पा."

"कसाले? नुकसान व्हई."

"एकानं काही होत नाही. तारा राहू द्या. शब्द बदला फक्त. 'ओके' पुरत नाही."

मी घरी आलो, खाटेवर बसलो. एका बोटानं लिहायला मला दुपारपर्यंत वेळ लागला. मधे सुंदरा दोनदा येऊन डोकावून गेली. मी लिहिलं ते असं:

'मी भाईदास. एकतीस वर्षं फोल्डिंग खात्यात चेकर होतो. हे अ‍ॅप चार दिवस तपासलं. अकरा खानावळी फिरलो. एकही दोष सापडला नाही. आमच्या खात्यात टिकली दोषाला लावतात, म्हणून लावायची नव्हती. बिनटिकलीचं पाठवता येईना म्हणून एक लावली. असा फ्रेश माल माझ्या हातात फार थोड्या वेळा आला. हा माझ्या मुलीनं बनवला आहे. हे मी तिला आधी सांगायला हवं होतं.'

पाठवलं. आणि त्यानंतर दोन दिवस मी तिच्यासमोर जायचं टाळलं. तिनं वाचलं असणार हे मला ठाऊक होतं, आणि वाचल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल त्याची मला भीती वाटत होती. साठी उलटलेल्या माणसानं सांगायची ही गोष्ट नव्हे, पण वाटत होती.

एकतीस तारखेच्या संध्याकाळी हेमराज जेवायला आला तो एकटा नव्हता. मागं तीन जण. सुंदरानं पीठ वाढवलं.

"भाईदासदादा," तो ताटावर बसत म्हणाला, "आमच्या खोलीत सगळ्यांनी घेतलं."

"तारा वाढनात म्हनून?"

"तारे वाढले ते बघितलं. चार पूर्णांक आठ झालेत. पण तारे आजकाल कोणीही वाढवतो, त्यावर आमचा विश्वास नाही. आम्ही काहीही घेताना आधी एक तारेवाल्याचं उघडून वाचतो. चांगलं तर सगळेच लिहितात, वाईट काय आहे ते बघायचं असतं. वाईटात तुमचं एकट्याचंच होतं." त्यानं भाकरी मोडली. "एकानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मग बाजूच्या खोलीतल्यांना बोलावून पुन्हा वाचलं. त्यांनीपण घेतलं."

त्या दिवशी एकशे साठ माणसांनी 'ताट' घेतलं. वत्सलाबाईंचा फोन आला की भाकऱ्या संपल्या, फोनमध्ये 'संपलं' कसं म्हणायचं ते शिकव. धनश्री त्यांच्याशी बोलत आतबाहेर करत होती. बोलणं संपल्यावर तिनं मार्केटच्या शेठला फोन लावला. मी पुढच्या खोलीतून ऐकलं. "शेठजी, ती खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. हो. हो, पक्कं. थँक्यू, शेठजी." फोन ठेवून तिनं खुंटीवरची बॅग काढली, आणि तिच्यात खानावळींचे कागद भरून ती पुन्हा तिथंच टांगली.

एक तारखेला सकाळी मी चहाला निघालो तर दारात रांगोळी होती. मोठी, ओट्यापासून पायरीपर्यंत. धनश्री तिच्यापाशी बसून हात झटकत होती. हाताला निळा, हिरवा रंग.

"पप्पा, बघायला या."

मी चप्पल बाजूला काढली. एका टोकाला उभा राहिलो आणि दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश बघितलं. दुसरी रीत मला येत नाही. मोर होता. पिसारा मोजून भरलेला, चोच बारीक, डोळ्यात पांढरा ठिपका. आणि पायाला पुढची तीन बोटं. मागचं बोट नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, ओठ दाबून.

"छान शे," मी म्हणालो.

आत भांड्यांचा आवाज थांबला. सुंदरा कणकेचे हात घेऊन दारात आली.

"काय म्हणनात? परत म्हना. माले ऐकू उनं नई."

मी परत म्हणालो.